२४० मिनिटांचा हिशेब: जेतेपदाच्या शर्यतीतला संघ तरुण खेळाडू कसे घडवतो

८ एप्रिल २०२५ रोजी एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या डेन्व्हर नगेट्सनं प्रशिक्षक मायकल मलोन आणि जनरल मॅनेजर कॅल्विन बूथ या दोघांनाही एकाच दिवशी नारळ दिला. नियमित हंगामाचे तीनच सामने उरले होते, ४७ विजय गाठीशी होते, प्लेऑफ, म्हणजे जेतेपदासाठीच्या बाद फेऱ्या, तोंडावर आले होते. शिवाय याच मलोन यांच्या हाताखाली २०२३ मध्ये डेन्व्हरनं आपलं पहिलंवहिलं एनबीए जेतेपद पटकावलं होतं. मग एवढ्या मोक्याच्या वेळी असा निर्णय का? कारण या दोघांमधून विस्तवही जात नव्हता, आणि वादाच्या मुळाशी बऱ्याच अंशी बेंचवरची तरुण पोरं होती. बूथ यांनी ड्राफ्टमधून, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या दरवर्षीच्या निवडीतून, हेरून आणलेल्या खेळाडूंवर विसंबायला मलोन कचरत; त्यांची भिस्त अनुभवी माणसांवर असे.

मला विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. तळाच्या संघाला तरुण खेळाडू घडवणं त्या मानानं सोपं जातं. हरायचंच आहे, तर पोरांना खेळवा, चुका होऊ द्या. ज्या संघाकडे जेतेपद जिंकून देणारा खेळाडू आहे आणि त्या खेळाडूची उमेदीची वर्षं हातातून निसटतायत, त्या संघात एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला शिकवायचं कधी आणि कुठे?

सुरुवात साध्या गणितानं करू. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा आणि मैदानावर एका वेळी पाच खेळाडू. म्हणजे प्रशिक्षकाच्या हाती वाटायला एकूण २४० मिनिटं. क्रिकेटमध्ये अकरात नाव नसेल तर फलंदाजी-गोलंदाजीचा प्रश्नच येत नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात, त्यामुळे बेंचवरच्या प्रत्येकाला मिनिटं मिळण्याची शक्यता रोज असते. सुरुवातीचे पाच जण सरासरी ३४ मिनिटं खेळले तर १७० मिनिटं गेली. उरली ७०. ती चार जणांत वाटायची, आणि त्यातले दोघं-तिघं बहुधा अनुभवी. तरुणाच्या वाट्याला येतात दहा-पंधरा मिनिटं. प्लेऑफमध्ये हेच पाच जण ४० मिनिटांपर्यंत जातात, मग बेंचसाठी उरतात जेमतेम ४०, आणि पहिली कात्री तरुणाच्या वाट्यालाच लागते.

आता ही दहा-पंधरा मिनिटं कसली असतात ते बघू, कारण इथंच सगळी मेख आहे.

समजा बाविशीचा एक मुलगा बचावात डाव्या कोपऱ्याच्या बाजूला उभा आहे. त्याचा माणूस कोपऱ्यात थ्री-पॉइंटरसाठी, म्हणजे लांबून तीन गुणांच्या फटक्यासाठी, टपून आहे. खेळ चाललाय उजवीकडे. समोरचा गार्ड चेंडू घेऊन येतो, त्यांचा उंच सेंटर स्क्रीन लावतो, म्हणजे आपल्या बचावपटूची वाट अंगानं अडवतो, आणि लगेच वळून रिंगकडे सुटतो. त्या क्षणी त्या सेंटरला अडवायला जवळ कुणीच नसतं. आपल्या मुलानं स्वतःचा माणूस सोडून रिंगखाली यायचं, सेंटरला अंगानं थोपवायचं आणि नजर चेंडूवर ठेवायची. कुणाला न अडवता तिथंच रेंगाळला तर तीन सेकंदांच्या नियमाची शिट्टी वाजते. चेंडू कोपऱ्याकडे निघाला की त्यानं परत धाव घ्यायची. पण शेजारच्या सहकाऱ्यानं तोवर कोपरा धरला असेल तर तिकडे न जाता त्या सहकाऱ्याच्या माणसाकडे वळायचं. हे सगळं दीड-दोन सेकंदांत. एक पाऊल उशीर झाला तर रिंगखाली फुकटचे दोन गुण, एक पाऊल लवकर पडलं तर कोपऱ्यातून मोकळा थ्री-पॉइंटर.

हे फळ्यावर काढून दाखवता येतं, व्हिडिओवर दहा वेळा थांबवून दाखवता येतं. पण खऱ्या वेगात, दमलेल्या अंगानं, समोर लुका डॉन्चिचसारखा तारा असताना करणं हे निराळं काम आहे, आणि ते चुकल्याशिवाय येत नाही. बरं, सरावात शिकवावं तर सहा महिन्यांत ८२ सामने, विमानप्रवास, लागोपाठच्या दोन रात्री दोन शहरांत दोन सामने. हंगाम रंगात आला की पूर्ण संघाचा पाच विरुद्ध पाच सराव दुर्मीळ होतो. प्रमुख खेळाडूंना विश्रांती हवी असते, म्हणून कमी खेळणारी मुलं आणि सहायक प्रशिक्षक मिळून वेगळे तीन विरुद्ध तीन, चार विरुद्ध चार असे डाव खेळतात. कोणी सांगेल तेव्हा तयार असावं एवढ्यासाठी. त्यातून अंगात रग राहते, नेमबाजी सुधारते. पण डावाच्या त्या दीड सेकंदाचा अंदाज सामन्यातच येतो.

म्हणजे दावेदार संघाकडे दुर्मीळ काय असतं? ज्यात चुकलं तरी चालेल अशी मिनिटं. तरुण खेळाडू घडणं-न घडणं बऱ्याच अंशी यावर ठरतं की संघानं ही मिनिटं आधीच ठरवून बाजूला काढली होती की वेळ येईल तसं बघू म्हणून सोडून दिली होती.

पण एवढा खटाटोप कशासाठी?

अनुभवी खेळाडू विकत घ्यावेत की, असं कुणीही म्हणेल. तसं करता येत नाही, कारण पैशांचे नियम.

ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार त्याच्या क्रमांकानुसार ठरलेला असतो. करार चार वर्षांचा, पहिल्या दोन वर्षांची हमी, तिसरं आणि चौथं वर्ष ठेवायचं की नाही हे संघाच्या हातात. हा करार संपेपर्यंत चांगला खेळाडू त्याच्या खऱ्या किमतीच्या कितीतरी कमी पैशांत खेळतो. दुसरीकडे, तारे मोठे झाले की त्यांचे पगार संघाच्या एकूण पगारमर्यादेचा मोठा घास घेतात. २०२३ च्या सामूहिक करारानं खर्चाची आणखी एक वरची रेघ आखली, तिला सेकंड एप्रन म्हणतात. ती ओलांडली तर दंडाच्या रकमेपेक्षा हातपाय बांधले जाण्याची भीती जास्त. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू अदलाबदलीत आणता येत नाही, बाजारातून खेळाडू घेण्याच्या बहुतेक सवलती बंद होतात, सात वर्षांनंतरची ड्राफ्टची पहिली फेरी गोठवली जाते.

डेन्व्हरचंच उदाहरण घ्या. २०२३ च्या जेतेपदात बेंचवरून येऊन मोलाचं काम केलेला ब्रूस ब्राउन त्याच उन्हाळ्यात इंडियानाकडे गेला, दोन वर्षांचे साडेचार कोटी डॉलर घेऊन. डेन्व्हरला नियमानुसार त्याच्या आसपासचीही रक्कम देता येत नव्हती. पुढच्याच वर्षी सुरुवातीच्या पाचांतला केंटेवियस कॉल्डवेल-पोप ऑर्लँडोला गेला, तीन वर्षांचे ६.६ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला २.२ कोटी. त्याच्या जागी आला क्रिस्चन ब्रॉन, ज्याचा त्या हंगामाचा पगार होता सुमारे ३१ लाख डॉलर. जागा तीच, काम बरंचसं तेच, किंमत सातव्या हिश्शाची. दरवर्षी असा एखादा ब्रॉन तयार झाला तर संघ वरच्या पायरीवर टिकतो. नाही झाला तर दोन-तीन वर्षांत जेतेपदाची खिडकी बंद. बूथ यांचा आग्रह इथून आलेला होता, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

डेन्व्हर: एक जमलेला आणि बाकीचे अडलेले

ब्रॉन २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २१ वा. कॅन्सस विद्यापीठाकडून नुकताच कॉलेजचं जेतेपद जिंकून आलेला. पहिल्या वर्षी त्याला सरासरी पंधरा मिनिटं मिळाली, आणि त्या पंधरा मिनिटांतलं काम अगदी नेमकं होतं: समोरच्या गार्डला सोडायचं नाही, चेंडू मिळाला की पळायचं, आणि संघाचा मुख्य तारा निकोला योकिच याच्याकडे चेंडू असताना आपला बचावपटू क्षणभर बेसावध झाला की रिंगकडे कापत जायचं. चेंडू हाताळायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती, स्वतःसाठी फटका तयार करायची तर नव्हतीच.

७ जून २०२३, मायामी, अंतिम फेरीचा तिसरा सामना. योकिच ३२ गुण, २१ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू), १० असिस्ट (सहकाऱ्याच्या गुणांसाठी दिलेले पास). जमाल मरे ३४, १०, १०. एकाच संघाच्या दोन खेळाडूंनी एकाच सामन्यात तीस गुणांसह ट्रिपल-डबल, म्हणजे या तिन्हींत किमान दहाचा आकडा, करण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चर्चा त्यांचीच झाली. पण ब्रॉननं बेंचवरून येऊन आठपैकी सात फटके साधून १५ गुण केले होते. ते सात फटके कसे आले बघितलं तर चित्र स्पष्ट होतं: कापत रिंगकडे, पळत रिंगकडे, चेंडू हिसकावून रिंगकडे. वर्षभर जे सांगितलं होतं तेच, फक्त सर्वांत मोठ्या मंचावर. लागोपाठच्या दोन वर्षांत कॉलेजचं आणि एनबीएचं जेतेपद जिंकणारा तो पाचवाच खेळाडू. आधीच्या चौघांत बिल रसेल आणि मॅजिक जॉन्सन आहेत.

ब्रॉन जमला, मग बाकीचे का अडले? पेटन वॉटसन २०२२ चा ३० वा, ज्युलियन स्ट्रॉदर २०२३ चा २९ वा, त्याआधीचा झीक नाजी २२ वा. नाजीला तर २०२३ मध्ये चार वर्षांचा ३.२ कोटी डॉलरचा करार दिला गेला आणि नंतर तो रोटेशनमध्ये, म्हणजे नेहमी आलटून-पालटून खेळणाऱ्यांत, धड बसलाच नाही. वॉटसन २०२३-२४ च्या नियमित हंगामात ८० सामने खेळला, पण प्लेऑफ लागले तसा जवळपास बाहेरच गेला. त्या प्लेऑफचा शेवट आठवा: मिनेसोटाविरुद्ध घरच्या मैदानावर सातवा सामना, उत्तरार्धात २० गुणांची आघाडी, आणि ९८-९० असा पराभव. डेन्व्हरच्या ९० पैकी ६९ गुण योकिच आणि मरे या दोघांचे होते. बाकी सगळ्यांचे मिळून २१.

त्या रात्री मलोन यांनी वॉटसनला मोकळं सोडलं असतं तर सामना जिंकला असता, असं मी म्हणणार नाही. सातव्या सामन्यात प्रयोग कुणी करत नाही. माझं म्हणणं एवढंच की तो निर्णय त्या रात्री घ्यायचा नसतोच. जानेवारीत, फेब्रुवारीत, घरच्या मैदानावर दुबळ्या संघाविरुद्ध दुसऱ्या पावाच्या (सामन्याचे चार पाव असतात) सुरुवातीला वॉटसननं सलग दोन चुका केल्यावर त्याला आणखी चार मिनिटं ठेवलं होतं का, यावर मे महिन्यातला विश्वास ठरतो. मलोन यांनी तेव्हा रेजी जॅक्सन आणि जस्टिन हॉलिडेवर भरवसा ठेवला. त्यातून पदरात पडलेले विजय खरे आहेत. पण वॉटसन मे महिन्यातही डिसेंबरइतकाच अनोळखी राहिला.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. डेन्व्हरचा जी लीगमधला संघ, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमधला स्वतःचा संघ, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला आहे, डेन्व्हरपासून दीड हजार किलोमीटरहून दूर. तोही २०२१ पासूनचा. त्याआधी काही वर्षं डेन्व्हरकडे असा संघच नव्हता. ओक्लाहोमा सिटीचा खालचा संघ त्याच शहरात खेळतो. गोल्डन स्टेटचा सांता क्रूझमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तिथं मुलगा सकाळी मुख्य संघाबरोबर सराव करून संध्याकाळी खालच्या संघाकडून ३५ मिनिटं खेळू शकतो. डेन्व्हरला त्यासाठी विमान पकडावं लागतं, आणि एकदा गेलेला मुलगा मुख्य प्रशिक्षकाच्या नजरेआड होतो.

मलोन गेल्यावर डेव्हिड अॅडलमन यांनी सूत्रं हाती घेतली. ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या मालिकेत २-३ अशी पिछाडी असताना सहाव्या सामन्यात त्यांनी स्ट्रॉदरला उतरवलं. त्यानं बेंचवरून १५ गुण केले, डेन्व्हरनं सामना जिंकला. सातव्यात ३२ गुणांनी धुव्वा उडाला तो भाग वेगळा. पोरात दम होता एवढं त्या एका संध्याकाळी दिसलं.

गोल्डन स्टेटनं धरलेल्या दोन वाटा

डेन्व्हरकडे निदान निवडी उशिराच्या होत्या. गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे चक्क सोन्याची खाण आली होती. २०१५, २०१७, २०१८ चे विजेते २०१९-२० मध्ये क्ले थॉम्पसन आणि स्टेफ करी यांच्या दुखापतींमुळे १५ विजय आणि ५० पराभव असे थेट तळाला गेले. बक्षीस म्हणून २०२० च्या ड्राफ्टमधला दुसरा क्रमांक मिळाला: जेम्स वाइजमन. मिनेसोटाबरोबरच्या सौद्यातून २०२१ चा सातवा क्रमांक आला: जोनाथन कुमिंगा. चौदावा होता मोझेस मूडी. आणि आधीच, २०१९ चा २८ वा, जॉर्डन पूल. बेत असा की करीची पिढी जिंकत राहील, तिच्या सावलीत ही मुलं तयार होतील, आणि संघ कधी खाली पडणारच नाही.

२०२२ मध्ये संघ पुन्हा जिंकला, म्हणून बेत फसला असं सरसकट म्हणता येत नाही. पण चौघांपैकी त्या जेतेपदात मोठा वाटा एकाचाच होता, आणि तो सर्वांत उशिरा निवडलेल्या पूलचा. असं का झालं, याचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं.

पूलला फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑर्लँडोत भरलेल्या जी लीगच्या हंगामासाठी खाली पाठवलं. तिथं चेंडू त्याच्या हातात होता, चुकायला पूर्ण मोकळीक होती. मार्चमध्ये परतला तो वेगळाच खेळाडू. वर थॉम्पसन जानेवारी २०२२ पर्यंत जायबंदी, त्यामुळे त्याची मिनिटं रिकामी. पूलची नेमबाजी आणि चेंडू हाताळणं करीच्या जातकुळीचं, म्हणून करी बसला तरी तेच डाव पूलला घेऊन चालत. खाली मोकळीक, वर जागा, आणि संघाच्या खेळात बसणारं कौशल्य, या तिन्ही गोष्टी एकदम जुळून आल्या. २०२१-२२ मध्ये त्यानं सरासरी १८.५ गुण केले.

वाइजमनचं नेमकं उलटं. कॉलेजात तो तीनच सामने खेळला होता. करोनामुळे २०२० ची समर लीग, म्हणजे नवोदितांची उन्हाळी स्पर्धा, झाली नाही, सराव शिबिर उरकतं घेतलं गेलं, आणि अशा कच्च्या सेंटरला थेट प्रशिक्षक स्टीव्ह कर यांच्या पद्धतीत टाकलं. ती पद्धत सगळी वाचनावर चालते: करी कुठून कुठे पळतोय ते बघून स्क्रीन द्यायचा, क्षणात पास द्यायचा, ठरलेला डाव मोडला तरी थांबायचं नाही. केव्हॉन लूनीला हे जमायला वर्षं लागली होती, आणि तो २०१५ मध्ये ३० वा निवडला गेला असल्यानं त्याच्याकडे कुणाच्या नजरा नव्हत्या. वाइजमनला तेवढा अवकाश कधीच मिळाला नाही. एप्रिल २०२१ मध्ये गुडघा गेला, पुढचा अख्खा हंगाम बुडाला. २०२२-२३ मध्ये गॅरी पेटन आणि ऑटो पोर्टर यांना जाऊ देऊन बेंच या मुलांच्या हवाली केला, संघ ३-७ असा सुरू झाला, नोव्हेंबरात वाइजमन सांता क्रूझला आणि फेब्रुवारीत डेट्रॉइटला रवाना झाला.

एका बेंचवर एकाच वेळी तीन-तीन शिकाऊ खेळाडू, ही त्या हंगामाची खरी चूक. एक मुलगा चार अनुभवींबरोबर खेळतो तेव्हा त्याची चूक बाकीचे झाकतात आणि बोलून दाखवतात. तीन मुलं एकत्र असली की कुणाची चूक कुठून सुरू झाली हेच कळत नाही, आणि कुणी शिकतही नाही.

कुमिंगाची गोष्ट या सगळ्यांत जिवाला लागते. मे २०२२ मध्ये, १९ व्या वर्षी, तो प्लेऑफचा सामना सुरू करणारा इतिहासातला सर्वांत लहान खेळाडू ठरला. महिन्याभरानंतरच्या अंतिम फेरीत मात्र तो जवळपास दिसलाच नाही. त्याची ताकद चेंडू घेऊन थेट रिंगकडे घुसण्यात. पण ड्रेमंड ग्रीन आणि लूनी यांच्यासारखे बाहेरून नेम न साधणारे सहकारी सोबत असले की आत आधीच गर्दी. त्याला सांगितलं जाई: चेंडूविना हल, कोपऱ्यातून नेम साध, रिबाउंड घे. २०२३-२४ मध्ये सरासरी १६ गुण केले तरी जागा पक्की नाही. २०२५ च्या प्लेऑफमध्ये काही सामन्यांत तर उतरवलंच नाही, आणि करी जायबंदी होताच मिनेसोटाविरुद्ध त्याच मुलानं ३० गुण केले. दोष कर यांचा की कुमिंगाचा, यावर चाहते अजून भांडतात. मला वाटतं, जो खेळाडू मोठ्या भूमिकेतच फुलतो आणि जो संघ त्याला छोटीच भूमिका देऊ शकतो, त्यांची गाठ ड्राफ्टच्या रात्रीच चुकीची पडली. त्याच ड्राफ्टमध्ये लगेच पुढचा, आठवा क्रमांक होता फ्रान्झ वॅग्नर, चेंडूविनाही उपयोगी पडणारा. मागे वळून बघताना बोलणं सोपं असतं हे मान्य. पण दावेदार संघानं निवड करतानाच विचारायला हवं: आमच्या ताऱ्याशेजारी हा मुलगा पहिल्या वर्षी नेमकं कोणतं एक काम करेल?

छोटं काम आधी

सॅन अँटोनिओ स्पर्सनं हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. काव्हाय लेनर्ड २०११ चा १५ वा. त्याच्यासाठी त्यांनी जॉर्ज हिल हा आपला भरवशाचा गार्ड देऊन टाकला. कॉलेजात लेनर्डचा थ्री-पॉइंटरचा नेम ३० टक्क्यांच्याही खाली होता, आणि एनबीएची रेघ तर आणखी लांब. नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगलंड यांनी त्याच्या हाताची ठेवण बदलली. पहिल्याच हंगामात टक्केवारी ३७ च्या वर गेली. काम दोनच: समोरच्या सर्वोत्तम खेळाडूला धरायचं आणि कोपऱ्यात उभं राहायचं. २०१४ मध्ये, २२ व्या वर्षी, तो अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या हंगामात प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांच्या संघानं ६२ सामने जिंकले आणि एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर जाऊ दिली नाही. म्हातारे तारे ताजे राहिले आणि तरुणांना मिनिटं मिळाली, दोन्ही एकाच निर्णयातून. नियमित हंगामातले एक-दोन विजय गेले तरी बेहत्तर, हे पॉपोविच यांनी आधीच ठरवलेलं होतं.

तेच एंगलंड २०२२ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरच्या ताफ्यात आले. थंडरचे मुख्य प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांनी २०१४ ते २०१९ त्याच शहरातल्या जी लीग संघाला शिकवलं होतं, त्यामुळे खाली-वर भाषा एकच. २०२३ चा दहावा केसन वॉलेस पहिल्या हंगामात सगळे ८२ सामने खेळला, संघानं ५७ जिंकले. त्याचं काम बचाव आणि कोपऱ्यातला नेम, बस्स. २०२१ चा ५५ वा अॅरन विगिन्स टू-वे करारावर आला होता. या करारावरचा खेळाडू मुख्य आणि खालच्या अशा दोन्ही संघांत फिरतो, मुख्य संघाकडून ५० सामन्यांपर्यंत उपलब्ध राहू शकतो, पण प्लेऑफ खेळायचे तर आधी नेहमीचा करार हवा. त्याच विगिन्सनं २०२५ च्या अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात बेंचवरून १८ गुण केले.

थंडरची स्तुती करताना एक गोष्ट लपवता कामा नये: चुकायची मिनिटं त्यांनी पराभव पत्करून विकत घेतली. २०२०-२१ मध्ये २२ विजय, पुढच्या वर्षी २४. दावेदार झाल्यावरही त्यांच्याकडे ती मिनिटं आली, कारण ते फार मोठ्या फरकानं जिंकू लागले. २०२४-२५ मध्ये सरासरी जवळपास १३ गुणांनी, एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक. चौथ्या पावात तारे बसायचे आणि बेंच खेळायचा. प्रत्येक संघाला हे परवडणारं नाही.

जी लीगबद्दल बोलताना आपल्याकडचं एक नाव घेतलंच पाहिजे. पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलसनं ५२ वा निवडलं; ड्राफ्ट झालेला तो पहिला भारतीय. तो डॅलसच्या खालच्या संघाकडून, टेक्सस लीजंड्सकडून, खेळला, पण एनबीएच्या सामन्यात कधी उतरला नाही. दुसऱ्या फेरीत इतक्या खाली निवडलेल्या बहुतेकांच्या वाट्याला हेच येतं.

खेळाडूच्या बाजूनं

संघाचा हिशेब झाला, पण त्या मुलाचाही हिशेब असतो. तिसरा हंगाम संपला की नव्या कराराची बोलणी सुरू होऊ शकतात, आणि तेव्हा बाजार विचारतो किती गुण, किती मिनिटं. जेत्या संघात आठ मिनिटं इमानेइतबारे बचाव करणाऱ्याला तळाच्या संघात ३० मिनिटं मनसोक्त खेळणाऱ्यापेक्षा कितीतरी कमी पैसे मिळू शकतात. कुमिंगाचं २०२५ चं करारनाट्य सप्टेंबर संपेपर्यंत रखडलं ते यामुळेच. शांत राहा, तुझी वेळ येईल, हे सांगणं सोपं असतं. ऐकणाऱ्याच्या मात्र उमेदीच्या वर्षांचा आणि घरच्यांच्या आयुष्यभराच्या कमाईचा प्रश्न असतो.

पेटन प्रिचर्डचं उदाहरण म्हणून दिलासा देतं. बॉस्टननं २०२० मध्ये २६ वा निवडला. २०२२-२३ मध्ये गार्डांच्या गर्दीत त्याला फारशी संधी मिळेना, दुसरीकडे जायची त्याची इच्छा उघड होती. मग मार्कस स्मार्ट आणि माल्कम ब्रॉग्डन गेले, मिनिटं मोकळी झाली, चार वर्षांचा तीन कोटी डॉलरचा करार झाला. २०२४ मध्ये जेतेपद, आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार. बॉस्टननं त्याला दिलेली मोठी गोष्ट म्हणजे जागा: दोन नावाजलेले गार्ड गेल्यावर तिथं तिसरा आणून बसवला नाही. जुरू हॉलिडे आला, तो सुरुवातीच्या पाचांत. बेंचवरचं काम प्रिचर्डकडेच राहिलं.

आपल्याकडे हे सामने सकाळी लागतात, बहुतेक साडेपाच ते साडेआठच्या दरम्यान सुरू होतात. पुढच्या वेळी बघाल तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांइतकंच लक्ष दुसऱ्या पावाच्या पहिल्या पाच मिनिटांकडे द्या. तारा बसलाय की एखादा तारा मुद्दाम पोरांबरोबर ठेवलाय ते बघा. तरुण मुलगा चुकला की त्याची नजर बेंचकडे वळते का, आणि प्रशिक्षक त्याला लगेच बाहेर बोलावतात की पुढचे चार-पाच डाव तसाच ठेवतात, ते बघा. डिसेंबरात आणि मार्चमध्ये तोच मुलगा त्याच कामात दिसतोय का तेही ताडून बघा. आणि फेब्रुवारीतली खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत उलटली की संघाची यादी पुन्हा एकदा काढा: त्याच्या जागेवर तिशी ओलांडलेला कुणी आणून ठेवला असेल, तर त्या हंगामापुरता त्या मुलाचा निर्णय झालेला आहे.